बारीक धार

“तुमच्या पाण्यातला एक थेंबही कमी होणार नाही,” असं मी एका गावात, मारुतीच्या देवळासमोर, माइक हातात धरून बोललो. हिशेबाने ते वाक्य खरं होतं. तरी ते बोलून मी लोकांना फसवलं, आणि फसवतो आहे हे मला बोलतानाच कळत होतं. मागाहून मी स्वतःची बरीच समजूत घालून पाहिली. तेव्हा नीट कल्पना नव्हती, वरून घाई होती, निर्णय माझा नव्हता. यातलं काही खरं नाही. कल्पना होती. घाई मीच करत होतो. निर्णय माझा नसला तरी तोंड माझं होतं.

त्या गावात माझी मोठी बहीण दिलेली आहे.

मी जळगावला राहतो आणि एका लहानशा सल्लागार कार्यालयात नोकरी करतो. जुन्या धरणांवर नवी छोटी वीजघरं उभारायची असतात, त्यांच्या परवानग्या मिळवून देणं हे आमचं काम. धरण नवं बांधायचं नसतं. ते आधीच उभं असतं, त्यातून शेतीला पाणीही सुटत असतं. ते पाणी एवढ्या उंचीवरून खाली येतंच आहे, तर वाटेत त्याने एक चाक फिरवून जावं, एवढीच मागणी. कोणाचं गाव बुडत नाही, कोणाची जमीन जात नाही. तरीही परवानग्यांची रांग लांबच लांब असते. धरण ज्या खात्याचं, त्याच्याकडून पायथ्याची जागा भाड्याने घ्यायची. भिंतीला धोका नाही हे पटवून द्यायचं. वीज कुठल्या उपकेंद्रात जाणार ते ठरवायचं. पाणी कधी आणि किती सुटेल याचं वेळापत्रक मंजूर करून घ्यायचं. आणि खाली जे लोक ते पाणी वापरतात, त्यांची हरकत नाही असं त्यांच्या सह्यांनिशी आणायचं.

मला हे काम मनापासून आवडायचं. शिक्षण संपल्यावर माझी पहिली नोकरी दीपनगरच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात, एका ठेकेदाराकडे होती. राख वाहून नेणाऱ्या पाइपांची देखभाल करायची. घरी येऊन अंगावर पाणी घेतलं की मोरीतून करडा ओघळ जायचा. तेव्हापासून पाण्यावरच्या विजेबद्दल माझ्या मनात जवळजवळ भक्ती बसली. पुढे परवानग्यांच्या कामात आलो तेव्हा वाटलं, आपण चांगल्या बाजूला आलो. हे असं वाटणं पुढे माझ्या फार कामी आलं. चांगल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला एखादी गोष्ट न सांगणं सोपं जातं.

बहीण माझ्याहून बरीच मोठी. मी तिला अक्का म्हणतो. आमचं मूळ गाव एरंडोलजवळचं. आईवडील गेल्यावर तिथलं घर बंद पडलं, आणि अक्काचं माहेर म्हणजे माझा जळगावचा फ्लॅट झाला. दर आखाजीला ती यायची. आमच्याकडे दिवाळीला एक वेळ लेक माहेरी आली नाही तरी चालतं, आखाजीला ती यावीच लागते. अक्षय्य तृतीयेचा तो दिवस. घरात पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, पुरणाचे मांडे आणि आमरस. अक्का फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून झोक्याची गाणी गुणगुणायची आणि बायकोला म्हणायची, “झाड नही, झोका नही, हाई कसं माहेर व?” आणि हसायची.

तिचं सासर धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला. नवऱ्याला सगळं गाव नाना म्हणतं, म्हणून मीही नानाच म्हणतो. उंच, थोडा मिरवणारा माणूस. धोतरावर इस्त्रीचा शर्ट. नाना गावच्या फडाचे पुढारी होते, आणि हा फड म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय माझी चूक कळायची नाही.

त्या भागातल्या नद्यांवर जुने, बुटके दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्याने अडलेलं पाणी एका पाटात वळवायचं आणि तो पाट शेतांवरून फिरवायचा. पाटाखालची सगळी जमीन मोठमोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. त्या एकेका तुकड्याला फड म्हणतात. एका फडात एकच पीक. या वर्षी गहू कुठे, ऊस कुठे, रिकामा कोणता, हे गावाने मिळून ठरवायचं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते, त्यामुळे पाणी कमी पडलं तर एकट्याचं नुकसान होत नाही, सगळ्यांचं थोडं थोडं होतं. आणि शेतकऱ्याने पाण्याला हात लावायचा नाही. गावाने नेमलेला पाटकरीच रात्रंदिवस एका शेतातून दुसऱ्या शेतात पाणी फिरवतो. हे सगळं चालायला पाणी फार लागत नाही. ते न थांबता लागतं. नदीच्या वरच्या अंगाला धरण झालं तेव्हापासून हिवाळाभर धरणाची माणसं दरवाजा बोटभर उघडा ठेवत, आणि नदीतून एक बारीक धार बंधाऱ्यापर्यंत येत राही. तिच्यावर अक्काच्या गावचा गहू पिकत होता.

धरणाचं नाव मी लिहीत नाही, गावाचंही नाही. ते त्यांचं त्यांना माहीत आहे.

त्याच धरणाच्या पायथ्याशी वीजघर बसवायचं काम आमच्याकडे आलं. पैसे घालणारा जळगावचा एक डाळ मिलवाला. माणूस वाईट नव्हता, हौशी होता. मी कार्यालयात बसून पाण्याचं गणित मांडायला घेतलं तेव्हा अडचण पहिल्याच दिवशी दिसली. त्या आकाराचं चाक बोटभर पाण्यावर फिरत नाही. त्याला पुरेसा लोंढा लागतो. म्हणजे हिवाळाभर सोडायचं पाणी साठवून ठेवायचं, काही दिवस एकदम सोडायचं, चाक जोरात चालवायचं, मग बंद करायचं, पुन्हा साठवायचं. वर्षाची बेरीज तीच. संगणकाच्या पडद्यावर पूर्वीच्या पाण्याची रेघ सपाट होती आणि नव्या पाण्याची करवतीच्या दातांसारखी. मी ती रेघ पाहिली आणि मला अक्काच्या गावचा पाट आठवला. तो पाट लोंढा घेऊ शकत नाही. लोंढा आला की पाट भरेल तेवढा भरणार आणि बाकीचं पाणी बंधाऱ्यावरून उडी मारून नदीने निघून जाणार. लोंढा थांबला की पाट कोरडा.

उपाय होता. वीजघराला वळसा घालून जाणारी एक लहान पाइप, बारीक धारेसाठी. पहिल्या आराखड्यात मीच ती दाखवली होती. डाळ मिलवाला मालक म्हणाला, या पाइपमधून जाणारं पाणी वीज करत नाही, मग ती कशाला? मी वाद घातला नाही. आमच्याकडे नकाशे काढणारा भुसावळचा एक मुसलमान मुलगा होता. त्याने विचारलं, “साहेब, ही बारकी पाइप काढून टाकू ना नक्की? परत टाका म्हणून सांगाल, तर मी डब्यातली बिर्याणी देणार नाही.” मी हसलो आणि काढून टाक म्हणालो. एवढ्यावर ती गेली.

मग गावची संमती आणायला मी गेलो. दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं. पण ओळखीचं गाव, काम पटकन होईल, असं मीच कार्यालयात सांगितलं.

नाना खुशीत होते. शालक इंजिनेर, तो गावात वीज करायला येणार. देवळासमोर सतरंज्या, माइक, चहाची पातेली. मी आराखडा दाखवला, चाक कसं फिरतं ते सांगितलं. मागून एकाने विचारलं, “आमना गावमा वीज तयार व्हई, मंग आमले दिवसनी लाईट भेटी का?”

इथे मी खरं बोललो. म्हणालो, नाही. वीज तारेतून उपकेंद्रात जाईल, तुमच्या लाईटचं वेळापत्रक आहे तेच राहील, उगाच आशा दाखवणार नाही.

“म्हंजे चाक आठे फिरी, अन पंखा जळगावमा!” कोणीतरी ओरडलं. सगळे हसले.

नाना उठून म्हणाले, “पंखा मना शालाना घरमा फिरी. बठ्ठा जन जळगावले जा, हवा खाई या.” आणखी हशा.

त्या हशात सभा माझ्या बाजूला आली. विजेबद्दल या माणसाने गोड खोटं सांगितलं नाही, म्हणजे हा सरळ माणूस आहे, असं त्यांना वाटलं असणार. मलाही स्वतःबद्दल तसंच वाटत होतं. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “अन आमनं पाणी?” आणि मी ते वाक्य बोललो. एक थेंबही कमी होणार नाही. पाणी येईल कसं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या आयुष्यात ते एकाच तऱ्हेने आलेलं होतं. मी सांगायला हवं होतं. माइक माझ्याच हातात होता.

लोक आपसात कुजबुजायला लागले. तेव्हा नाना पुन्हा उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हाऊ मना शाला शे. याना शबद तो मना शबद. काही कमी जास्त व्हयनं, ते मना दारमा या.”

यावर सह्या झाल्या. अक्काने मला जेवायला वाढलं, आणि मी पोटभर जेवलो.

वीजघर झालं. एका पावसाळ्यानंतर चाक फिरायला लागलं. उद्घाटनाला नानांना फेटा बांधला, त्यांचा चाकाजवळ फोटो काढला. तो त्यांनी ओसरीत लावला. मग थंडी आली, गव्हाची पेरणी झाली आणि अक्काचा फोन आला. ती तक्रार करत नव्हती, नुसती गोंधळलेली होती.

“भाऊ, तुमनं पाणीनं काय कळत नही माले. एक डाव पूर येस, मंग नदी कोरडी. नाना दिनभर बंधारावर बशी ऱ्हातस.”

मी म्हणालो, नवीन यंत्र आहे, बसेल हळूहळू. हे दुसरं खोटं. पहिलं निदान हिशेबाने तरी खरं होतं, हे तसंही नव्हतं.

पुढे तिचे फोन येईनासे झाले, तेव्हा मी गेलो. गावात बसमधून उतरलो तर पानटपरीवरून आवाज आला, “थेंब इना रे, थेंब!” आधी मला कळलं नाही, की हे माझं नाव आहे.

नाना खरोखरच बंधाऱ्यावर बसलेले होते. मी शेजारी जाऊन बसलो. लोंढ्याचा दिवस होता. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी पांढरं होऊन उडी घेत होतं, आणि बाजूला पाट काठोकाठ भरून त्याला आणखी घेता येत नव्हतं. पाटकरी फावडं बाजूला टाकून बिडी ओढत होता. त्याला करण्यासारखं काही नव्हतं. नानांनी पाण्याकडे बोट केलं. मग म्हणाले, “पाणी भरपूर शे रे. तू खोटं नही बोलना. बठ्ठं मना डोयासमोर वाही जास, इतलंच.”

त्यांनी मला टोमणा मारला नव्हता. हिशेबात माझं काय चुकलं ते त्यांना सापडत नव्हतं, आणि मेव्हणा फसवेल हे त्यांच्या मनात येत नव्हतं. ते अजून माझ्या शब्दाची बाजू सावरत होते.

सगळ्यात खालच्या फडातला गहू पिवळा पडला होता. दोन लोंढ्यांच्या मधल्या कोरड्या दिवसांत त्याची पाळी यायची आणि जायची. त्या फडात सगळ्यांचे तुकडे होते, म्हणजे सगळ्यांचं नुकसान होतं. नानांनी आणखी एक केलं होतं, ते मला अक्काने सांगितलं. पाटात जे पाणी उरेल ते आपल्या तुकड्यांना न देता पुढे न्यायचं, असं त्यांनी पाटकऱ्याला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे वरच्या फडांतही त्यांची शेतं तेवढी वेगळी दिसत होती, करपलेली. लोक ते पाहत होते आणि तरी त्यांच्या दारात येत होते. या, असं त्यांनीच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर तिघे आले, ओट्यावर बसले, अक्काने चहा दिला. एक जण बशीतला चहा फुंकत म्हणाला, “नाना, थेंब मोजी ल्या एक डाव. कमी ते नही ना?”

नाना हसले. हसून त्यांनी मान खाली घातली. ते आधी कधी मान खाली घालून हसलेले मी पाहिले नव्हते.

ते लोक गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, ती रेघ, ती पाइप, मला माहीत होतं ते. म्हणालो, अक्का, मी चुकलो, मला माफ कर. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, हात पुसला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “माले कसाले सांगस? मी काय पाटकरी शे का? शबद त्यासनी चार लोकेसमा दिधा. तूबी चार लोकेसमा सांग.”

“सांगेन,” मी म्हणालो.

“नानासले आज सांगू नको,” ती म्हणाली. “घरमा सांगशी ते त्या तुले लगेच माफ करी टाकतीन. मंग तुना जीव हलका व्हई, अन त्यासना?”

मी दुपारच्या गाडीने परत निघालो. चार लोकांत सांगायची तयारी करायला नव्हे तर नानांना तोंड दाखवायचं टाळायला निघालो, हे मला धुळ्यापर्यंत कळलं नाही.

जळगावला येऊन मी माझ्या सवयीचा मार्ग धरला. माणसांसमोर जाण्याआधी काम दुरुस्त करून टाकू, म्हणजे जाताना हातात काहीतरी असेल. मालकाकडे गेलो आणि ती पाइप पुन्हा टाकू म्हणालो. तो हसला. “थेंब थेंब सोडायला आपण ठिबकचा कारखाना काढला आहे का?” पण मी बसून राहिलो, तेव्हा म्हणाला, परवानगी बदलून आण, मग बघू, माझा हट्ट नाही. मग मी खात्यात गेलो. मंजूर वेळापत्रक बदलायचं तर पुन्हा अर्ज करावा लागतो. मी लिहिलं, “बदललेल्या परिस्थितीमुळे खालील भागात पाण्याची अडचण जाणवत आहे.” तिथल्या अधिकारीबाई माझ्याहून तरुण होत्या. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “परिस्थिती काय बदलली?”

मी माझंच वाक्य पुन्हा वाचलं.

“पाऊस नेहमीसारखा होता. धरण भरलं होतं. गहू पूर्वीही होता. आधीच्या अर्जात तुम्हीच लिहिलंय की खालच्यांना फरक पडणार नाही. तेव्हा बरोबर होतं की आता बरोबर आहे? एक ठरवा. दोन्ही कशी मंजूर करू?”

त्या रागावून बोलत नव्हत्या. चष्मा पुसत बोलत होत्या. मी तो अर्ज परत घेऊन आलो आणि कितीतरी दिवस तो माझ्या टेबलावर तसाच पडून राहिला. नवा अर्ज लिहायला बसलो की पेन पहिल्या वाक्यावर थांबायचं. “आधीच्या अर्जातील माझे विधान चुकीचे होते.” एवढंच लिहायचं होतं. कार्यालयाची अब्रू जाईल, पुढची कामं अडतील, अशी कारणं मी बायकोला सांगत राहिलो. तिने एकदा विचारलं, “तुम्ही हे मला पटवताय की तुम्हाला?” मग मी तिलाही सांगणं बंद केलं.

गव्हाची कापणी झाली. दाणा चिमलेला निघाला, असं कोणाकडून तरी कळलं.

आखाजी जवळ आली. मी दरवर्षीप्रमाणे अक्काला फोन केला की कोणत्या गाडीने येतेस, घ्यायला येतो. ती म्हणाली, “औंदा नही जमाव, भाऊ.” एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मी कारण विचारलं. आखाजीलाच फडाची सभा असते. वर्षभराची पिकं, पाटकरी, पुढारी, सगळं त्या दिवशी ठरतं. आजवर ती त्या दिवशी माहेरी असायची, कारण सभेत नानांना तिची गरज नसायची. यंदा नाना पुढारीपण सोडणार होते. “सभामा उठीसन सांगतीन,” ती म्हणाली. “मंग घर येतीन. त्या टाइमले घरमा मी नको का?”

मी फोन ठेवला आणि टेबलावरचा अर्ज काढला. त्या दिवशी ते वाक्य लिहिलं. विधान चुकीचे होते, आणि ते चुकीचे असल्याची मला त्या वेळी कल्पना होती, असंही लिहिलं. दुसरा भाग कोणी मागितला नव्हता. कार्यालयाच्या साहेबांनी तो वाचून टेबलावर ठेवला, मग म्हणाले, “स्वतःच्या नावाने दे. आमचा शिक्का मागू नकोस.” मी स्वतःच्या नावाने दिला. अधिकारीबाईंनी तो घेतला, आता बघू म्हणाल्या. त्याचं पुढे काय होईल ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि हे लिहितानाही नीट ठाऊक नाही.

आखाजीच्या दिवशी पहाटे बायकोने घागर मांडली. मी आईवडिलांच्या नावाने तिच्यात पाणी ओतलं. तिने वर खरबूज ठेवलं आणि मांड्यांचा डबा माझ्या हातात दिला. “माहेर घेऊन जा त्यांच्याकडे,” ती म्हणाली. आखाजीला बहीण भावाकडे येते. भरल्या डब्यासह बहिणीच्या सासरी निघालेला भाऊ त्या दिवशीच्या बसमध्ये मी एकटाच असेन. बाकी गाडी माहेरवाशिणींनी भरलेली होती, आणि त्या सगळ्या उलट्या दिशेने जाणाऱ्या गाड्यांकडे बोट दाखवून आपापल्या नणंदांना हाका मारत होत्या.

मी पोचलो तेव्हा सभा सुरू झाली होती. देवळासमोर निंबाखाली माणसं बसली होती. माइक नव्हता. नाना उभे राहून बोलत होते, हात मागे बांधलेले, शर्ट इस्त्रीचा. “मी शबद दिधा, तो पुरा नही व्हयना. आते या जागावर दुसरा कोनी बसो,” असं म्हणून ते खाली बसायला लागले आणि बसता बसता त्यांना मी दिसलो. ते अर्धे वाकलेले तसेच थांबले.

देवळाच्या भिंतीशी बायका बसल्या होत्या. अक्का तिथे होती. मी डबा तिच्याजवळ ठेवला. तिने डबा मांडीवर घेतला.

मी म्हणालो, मला बोलायचं आहे.

“थेंबले बोलू द्या रे,” टपरीवरचा तोच आवाज. “थोडं थोडं करी बोली तो.” हशा झाला. पण ज्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मागे पाण्याबद्दल विचारलं होतं, त्यांनी हात वर केला आणि लोक गप्प झाले.

बसमध्ये मी बरंच काही जुळवलं होतं, छापील मराठीत. त्यातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. मी त्यांना सांगितलं की चाकाला लोंढा लागतो आणि तुमच्या पाटाला धार लागते, हे मला सह्या घेण्याआधी माहीत होतं. लहान पाइप कागदावर होती, ती मी काढून टाकू दिली. तुम्ही पाण्याचं विचारलंत तेव्हा मी थेंबांचं उत्तर दिलं, कारण खरं उत्तर दिलं असतं तर तुम्ही सह्या केल्या नसत्या.

“मंग आते पाइप बसाडशी का?” एकाने विचारलं.

“अर्ज केला आहे. बसेल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही.”

“मंग आठे कसाले इना?”

त्या प्रश्नात राग होता आणि तो रास्त होता. मी हातात काही घेऊन आलो नव्हतो. नाना माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समजत जाण्याची खूण हळूहळू उमटत होती, आणि ती पाहणं मला फार जड गेलं. इतके महिने त्यांनी माझी बाजू सावरली होती. मी वळलो, लोकांकडे पाठ होणार नाही असा उभा राहिलो, आणि लहानपणी घरात बोलायचो त्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यांना म्हणालो,

“नाना, माले बठ्ठं ठाउक व्हतं, अन मी तुमले सांगं नही. तुमना शबद खोटा नव्हता, मना व्हता. तुमनी जागा सोडानी गरज नही शे. माले माफ करा.”